जिवंत मासे शेततळ्यापर्यंत न्यायचे तर

एप्रिल-मेमध्ये गावोगावचे पाझर तलाव आटायला लागतात. गुडघाभर पाण्यात मासे दाटीने फिरताना दिसतात, जाळं टाकणारे जाळं टाकतात, आणि ज्याच्या शेतात प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं आहे त्याच्या मनात येतं की हे मासे तसेही मरणारच, मग चार घमेली आपल्या तळ्यात सोडली तर काय बिघडलं? दोन ड्रम, एक पिकअप, तासाभराचा रस्ता. संध्याकाळी मासे तळ्यात पडतात, पोहायलाही लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरी पोटं वर दिसू लागतात. मग दोष जातो तळ्याच्या पाण्याला, नाहीतर शेजारच्या द्राक्षबागेतल्या फवारणीला.

क्वचित तसं असेलही. पण बहुतेक वेळा हे मासे तळ्यात पडण्याआधीच मरायला लागलेले असतात. मासे न्यायचे म्हटलं की माणसं रस्त्याची फार काळजी करतात. खरा निकाल लागतो तो आदल्या दिवशी, पकडतानाच्या घाईत आणि मासे आणलेली पिशवी उघडल्यानंतरच्या अर्ध्या तासात. असं का, ते कळायला आधी ड्रममधल्या पाण्याचा थोडा हिशोब मांडावा लागेल.

ड्रमचा हिशोब

३० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात ऑक्सिजन मावून मावून साडेसात मिलिग्रॅम मावतो. २० अंशांना तोच आकडा नऊच्या आसपास असतो. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. माशाचं नेमकं उलटं. त्याच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबर चढतं, आणि पाणी १० अंशांनी तापलं की त्याची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. मे महिन्यातल्या दुपारी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माशाच्या विरोधात जातात.

आता २०० लिटरचा निळा ड्रम घ्या. काठोकाठ भरला तरी त्यात सगळा मिळून ऑक्सिजन दीड ग्रॅम. त्यात १० किलो मासे टाकले. नुकत्याच पकडलेल्या, बिथरलेल्या माशाला किलोमागे तासाला ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो असं ढोबळ धरू. १० किलोंना तासाला तीन ग्रॅम. बरं, तो दीड ग्रॅमही सगळा वापरता येत नाही, कारण लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली गेलं की कटला-रोहूसारखे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. हाताशी उरतो ०.९ ग्रॅम. तो अठरा मिनिटांत संपतो.

पाणी दुप्पट केलं तर छत्तीस मिनिटं. म्हणून 'जास्त पाणी घ्या' हा सल्ला डिझेल वाढवतो, मासे फारसे वाचवत नाही. माशांना लागतो तो पाण्याबाहेरून सतत आत येणारा ऑक्सिजन. ड्रम थोडा रिकामा ठेवला तर गाडीच्या हिसक्यांनी पाणी हिंदकळतं, हवा त्यात मिसळत राहते आणि हिशोबाने मरायला हवे होते ते मासे तासभर तग धरतात. याच कारणाने उघड्या टाकीतले मासे खडबडीत रस्त्यावर जगतात आणि चहाच्या टपरीसमोर मरतात. गाडी उभी राहिली, पाणी शांत झालं की वरची हवा खाली पोचायचं थांबतं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि त्याचा बारीक फुगे सोडणारा दगड असेल तर चहा निवांत प्यावा. नसेल तर थर्मासमध्ये घेऊन निघावं.

हंडीपासून पिशवीपर्यंत

ही अडचण जुनी आहे. कटला, रोहू, मृगळ हे आपले तीन मोठे कार्प साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी बीज, म्हणजे माशांची अगदी लहान पिल्लं, नदीतून गोळा करावं लागे, मुख्यतः गंगेच्या खोऱ्यात, आणि तिथून ते रेल्वेने देशभर जाई. मातीच्या हंड्यांमध्ये बीज भरून माणसं सोबत प्रवास करत, आणि वाटभर हाताने पाणी हिंदकळवत राहत. हंडीत थोडी लाल मातीची पूडही टाकत. मेलेलं बीज आणि विष्ठा त्या मातीबरोबर तळाशी बसे. शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं, पण पाणी हलतं ठेवायचं आणि घाण खाली बसवायची, ही दोन्ही सूत्रं त्यांना सापडली होती.

१० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं आणि बीज तळ्याकाठी तयार करता येऊ लागलं. १० जुलैला आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्याचमुळे. हंडीची जागा पुढे पॉलिथिनच्या पिशवीने घेतली. आज मत्स्यबीज केंद्रावर मिळते तीच ही पिशवी: एक भाग पाणी, दोन भाग शुद्ध ऑक्सिजन, वरून रबर घट्ट बांधलेलं.

पिशवी एवढी कामाची का? १८ लिटरची पिशवी धरा. सहा लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ४५ मिलिग्रॅम. वरच्या १२ लिटर जागेत शुद्ध ऑक्सिजन सुमारे १५ ग्रॅम. पाण्यातल्याच्या तीनशेहून जास्त पट. मासा पाण्यातला वापरत जातो, वरचा खाली उतरत जातो. पिशवी आडवी ठेवली की पाण्याचा पृष्ठभाग वाढतो आणि हे काम आणखी सोपं होतं, म्हणून गाडीत पिशव्या उभ्या कोंबू नयेत. नुसती हवा भरून बांधलेल्या पिशवीत ऑक्सिजन याच्या पाचव्या भागाइतकाच असतो. जवळच्या अंतराला तेवढंही पुरतं, पण ऑक्सिजनचा सिलिंडर असलेलं केंद्र जवळ असताना तो जुगार कशाला?

पिशवीत दुसरंही काही साठत असतं

शुद्ध ऑक्सिजन भरला म्हणजे प्रश्न मिटला असं वाटतं. पण लांबच्या प्रवासात पिशवीत ऑक्सिजन शिल्लक असतानाही मासे मरतात. कारण मासा ऑक्सिजन घेतो जवळपास तितकाच कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडतो, आणि बंद पिशवीतून तो कुठे जाणार? तो फार साठला की माशाचं रक्त समोरचा ऑक्सिजन उचलेनासं होतं. मासे सुस्त होतात, एका कुशीवर कलतात.

दुसरी गोष्ट अमोनिया. माशाच्या शरीरातला नत्राचा कचरा मुख्यतः कल्ल्यांमधून अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. पोट भरलेला मासा तो जास्त सोडतो आणि विष्ठेने पाणीही नासवतो. म्हणून नेण्याआधी मासे उपाशी ठेवायचे. बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, साधारण २४ तास पुरतात, मोठ्या माशाला दोन दिवस द्यावेत. चांगली केंद्रं बीज आदल्या दिवशीच हाप्यात, म्हणजे पाण्यात चार खुंट्यांना बांधलेल्या बारीक कापडी जाळीच्या हौदात, काढून ठेवतात. तिथे त्यांची पोटं रिकामी होतात, दाटीची सवय होते आणि मुळातच कमकुवत असलेली पिल्लं तिथेच मरून बाजूला होतात. बीज घ्यायला गेल्यावर विचारायचा पहिला प्रश्न भावाचा नसावा. 'हाप्यात कधी काढलं?' हा असावा. तळ्यातून थेट जाळं ओढून समोर पिशव्या भरून देणाऱ्याकडून बीज स्वस्त मिळतं, आणि स्वस्त का ते घरी पोचल्यावर कळतं.

आता या सगळ्या विषयातला मला सगळ्यात रंजक वाटणारा भाग. बंद पिशवीतला कार्बन डायऑक्साइड माशाला त्रास देतो, तसाच तो माशाला वाचवतही असतो. तो पाण्यात विरघळून पाणी आंबट करतो, म्हणजे त्याचा सामू (pH) खाली आणतो. अमोनियाची पाण्यात दोन रूपं असतात. एक बरंच निरुपद्रवी, दुसरं जहाल. कुठलं किती, ते सामू ठरवतो. सामू एका अंकाने चढला की जहाल रूपाचा वाटा सुमारे दहा पटींनी वाढतो. बंद पिशवीत सामू खालीच असतो, त्यामुळे भरपूर अमोनिया साठूनही मासे टिकून राहतात.

मग तुम्ही तळ्यावर पोचता आणि पिशवी उघडता. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढावं तसा कार्बन डायऑक्साइड उडून जायला लागतो, सामू चढतो आणि इतका वेळ निमूट असलेला अमोनिया विषारी होतो. त्यात कुणी 'मासे हळूहळू सवयीचे होऊ देत' म्हणून पिशवीची तोंडं उघडी टाकून तासभर ठेवली, तर सवय होते ती विषाची.

म्हणून क्रम असा हवा. पिशव्या बंदच असताना तळ्याच्या पाण्यावर, सावलीत, पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायच्या. आतलं आणि बाहेरचं तापमान जुळेपर्यंत उघडायच्या नाहीत. दोन्हींत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक राहू नये. साधा थर्मामीटर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, पण पाण्यात हात घालूनही अंदाज येतो. मग पिशवी उघडायची, तळ्याचं पाणी दोन-तीनदा थोडं थोडं आत घ्यायचं आणि पाच-दहा मिनिटांत पिशवी आडवी करून मासे आपणहून बाहेर जाऊ द्यायचे. प्रवास सात-आठ तासांचा असेल तर पिशवीतलं पाणी शक्यतो तळ्यात ओतूच नये. मासे अलगद जाळीत घेऊन सोडावेत. प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा असेल तर यातलं बरंच ढिलं चालतं, तेवढ्यात पिशवीत फारसं काही साठत नाही.

वेळेबद्दल एक सूचना. सगळे सांगतात पहाटे सोडा. वाहतूक रात्री किंवा पहाटे करावी हे शंभर टक्के खरं. पण ज्या तळ्याचं पाणी शेवाळाने हिरवं झालेलं आहे, त्यात सूर्योदयाच्या आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेत असतं. अशा तळ्यात आठ-नऊ वाजता, ऊन चढायच्या आत सोडलेलं बरं. अस्तराच्या नव्या तळ्यात पाणी नितळ असतं. तिथे एवढा विचार करायची गरज नाही.

तलावातून पकडलेला मोठा मासा

इथवरचं बोलणं मुख्यतः बोटुकलीचं झालं. आटणाऱ्या तलावातला अर्धा-एक किलोचा मासा उचलून न्यायचा म्हणजे काम बरंच अवघड होतं. खरं सांगायचं तर मी तो सल्ला सहसा देत नाही. दहा ग्रॅमच्या शंभर बोटुकल्यांचं वजन एक किलो भरतं आणि तेवढ्याच वजनाचा एक मासा नेऊन तुम्हाला एकच मासा मिळतो. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याचा पृष्ठभाग ०.०९ हेक्टर. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली या सर्वसाधारण प्रमाणाने तिथे साडेचारशे ते नऊशे लागतात. हे सगळं बीज एका पिकअपच्या कोपऱ्यात मावतं.

तरीही न्यायचेच असतील, तर कशाने पकडले ते आधी बघा. ज्या जाळ्यात माशाचं डोकं आत शिरून कल्ले अडकतात, त्या जाळ्यातला मासा बाजारात विकायला ठीक, तळ्यात सोडायला नाही. कल्ले म्हणजे त्याची फुप्फुसं; ती फाटली की पुढचं सगळं व्यर्थ. ओढजाळं किंवा फेकजाळं बरं, तेही गाठी नसलेल्या मऊ सुताचं. गळाला लागलेला मासा ओठातच अडकला असेल आणि लवकर बाहेर काढला असेल तर टिकतो.

मासा जाळ्यात तडफडतो तेव्हा त्याचे स्नायू जोर लावून ऑक्सिजन संपवतात आणि शरीरात लॅक्टिक आम्ल साठतं. हे ओझं उतरायला कित्येक तास लागतात. त्याच अवस्थेत ड्रममध्ये कोंबलेला मासा आधीच कर्जात असतो आणि ड्रम त्याला उधार देण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून पकडल्यावर लगेच गाडी हलवायची नाही. तिथेच स्वच्छ, सावलीतल्या पाण्यात हापा बांधून निदान एक रात्र विसावा द्यायचा. आटलेल्या तलावाचा चिखल झाला असेल तर हापा लावायलाही जागा उरत नाही. तेव्हा पाणी कमरेएवढं आहे तोवरच हे काम करायचं. जूनची वाट बघत शेवटच्या डबक्यापर्यंत थांबलात, तर ते मासे खायलाच न्या.

दुसरं दुखणं अंगावरच्या बुळबुळीचं. तो थर माशाचं कातडं सांभाळतो, रोगजंतू बाहेर ठेवतो. कोरड्या हाताने, गोणपाटाने किंवा प्लास्टिकच्या घमेल्यात आपटून तो निघाला, दोन-चार खवले उडाले, की तिथे काही दिवसांत पांढरी बुरशी धरते. सुरुवातीला म्हटलेली चौथ्या-पाचव्या दिवसाची मर बऱ्याचदा हीच. हात ओले ठेवा, मासे पाण्यासकट उचला, एका वेळी थोडेच उचला.

मीठ इथे खरोखर उपयोगी पडतं. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असतं आणि क्षार बाहेर झिरपत असतात. हा तोल सांभाळण्यात त्याची बरीच शक्ती जाते, आणि कातडं खरवडलं की झिरपणं वाढतं. नेण्याच्या पाण्यात लिटरला तीन ते पाच ग्रॅम साधं जाडं मीठ टाकलं की हा फरक कमी होतो आणि माशाला दम मिळतो. कार्प माशांना एवढं मीठ सोसतं.

पाणी कुठलं घ्यायचं? मासे होते तिथलंच, कापडातून गाळून. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते कल्ले जाळतं. बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं असलं तरी जमिनीखालून आल्यावर त्यात ऑक्सिजन नावालाच असतो. घ्यायचंच तर काही तास उघडं ठेवून, खूप ढवळून घ्यावं. बर्फाची लादी थेट पाण्यात टाकू नका. ड्रमभोवती ओली गोणपाटं गुंडाळणं जास्त सुरक्षित.

मरळ, मागूर, शिंगी यांचा हिशोब वेगळा आहे. ते वर येऊन हवेतला श्वास घेतात, त्यामुळे थोड्या पाण्यात तासन् तास जगतात. त्यांना काठोकाठ भरून झाकण लावलेल्या ड्रममध्ये ठेवलं तर मात्र ते गुदमरतात. वर थोडी हवेची जागा आणि झाकणाला भोकं हवीत. मरळ कार्पच्या बोटुकलीबरोबर सोडू नये, हे सांगायची गरज नसावी. तो उरलेलं बीज खाऊन मोठा होतो.

काय आणायचं नाही

जिवंत मासा नेणं तंत्राने जमतं. तो परत आणणं जमत नाही. याचं उदाहरण आपल्याच लोणावळ्याचं आहे. टाटांच्या वीज कंपनीच्या तिथल्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनी महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाचं बीज तयार होऊ लागलं. त्या काळी महाशीरची अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवण्याची युक्तीही तिथल्या तज्ज्ञांनी यशस्वी केली. पाण्याचं वजनच नको! नामशेष होत चाललेला मासा वाचवण्याचं हे मोलाचं काम होतं. पण हे बीज कावेरीतही सोडलं गेलं. तिथे कुबड असलेला एक वेगळाच महाशीर राहत होता. पाहुणा वाढत गेला, घरचा मासा मागे पडला. आज तो कुबडवाला महाशीर अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. हेतू चांगला होता, मासाही भारतीयच होता, फक्त नदी त्याची नव्हती.

शेततळं खाजगी असलं तरी ते ओसंडतं, फुटतं, त्याच्या पंपातून पिल्लं चारीत जातात आणि चारीतून ओढ्यात. म्हणून विदेशी मांसभक्षक मासे तळ्यात आणायचेच नाहीत. थाई मागूर पाळायला तर देशात बंदीच आहे. महाराष्ट्रातही तो सापडलेल्या तळ्यांवर कारवाया झाल्या आहेत. उजनी धरणाच्या पट्ट्यात चिलापी, म्हणजे विदेशी तिलापिया मासा, इतकी पसरली आहे की ती स्थानिकच वाटते. शेततळ्यात चार चिलापी सोडल्या तर वर्षभरात तळं बोटाएवढ्या पिल्लांनी भरतं आणि खाद्य कुणालाच पुरत नाही. तिच्या संवर्धनाला शासनाची परवानगीही लागते. विहिरीतल्या डासांसाठी गप्पी मासे बरणीतून आणतात ते ठीक, पण तेही ओढ्या-नाल्यात सोडू नयेत.

पाझर तलावातला मासाही कुणाचा तरी असतो. धरणं आणि तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि त्यात बीजही संस्थेनेच पैसे मोजून सोडलेलं असतं. त्यांना विचारा, पावती घ्या. बहुतेक वेळा ते स्वतः पकडून देतात आणि त्यांच्या हातचं पकडणं तुमच्यापेक्षा निगुतीचं असतं. विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणं १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. तसा मासा फुकट मिळाला तरी घेऊ नये, आणि तळ्यात सोडायला तर तो जिवंतही नसतो.

तलावातून आलेल्या माशांबरोबर माशांच्या उवाही येतात. अरग्युलस हा चपटा, डोळ्यांना दिसणारा परजीवी. मासा अस्तराला अंग घासताना दिसला की तो आल्याचं समजावं. एकदा तळ्यात शिरला की काढणं महाग पडतं. त्यामुळे एक हजार लिटरची पाण्याची टाकी, त्यात हवेचा पंप, आणि पकडून आणलेले मोठे मासे तिथे दोन आठवडे वेगळे, एवढी सोय आधी करावी. ती नसेल तर मोठे मासे आणूच नयेत, केंद्रावरचं बीज घ्यावं.

सोडल्या दिवशी खाद्य टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी चिमूटभर, मासे येतात का ते बघायला. मेलेले मासे रोज सकाळी जाळीने काढून मोजून ठेवायचे. पहिल्या दोन दिवसांत मेले तर चूक बहुधा वाहतुकीत किंवा सोडण्यात झालेली असते. नंतर मेले आणि अंगावर पांढरे डाग असतील, तर पकडताना किंवा हाताळताना. आठवड्याने, अंगावर काहीच खूण नसताना मरायला लागले, तर मग तळ्याचं पाणी तपासायला घ्यावं, आणि तेव्हाच शेजाऱ्याच्या फवारणीची चौकशी करावी.